घोडीवरची हाडाची पट्टी

१

मंगळवारी सकाळी भाचीने पेटी उघडली, बाबांची गिटार मांडीवर घेतली, पहिला सूर छेडला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तार वाजण्याऐवजी मानेवरच्या धातूच्या पडद्यांवर आपटून कर्रकर्र करत होती. सहाही तारांची तीच तऱ्हा. परवापर्यंत खोली भरून टाकणारी ही गिटार आज सर्दी झाल्यासारखी बोलत होती. आणि शनिवारी तिला ती भरल्या सभागृहात वाजवायची होती. माइक नाही, साथ नाही, नुसती बाबांची गिटार आणि बाबांनीच बांधलेली चाल.

बाबांना अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्यांचा डावा हात तारा दाबू शकत नव्हता. ती चाल आता वाजवणारी ती एकटीच उरली होती.

तिने पेटी उचलली आणि थेट मावशीचं घर गाठलं.

मावशी म्हणजे दातांची डॉक्टर. दवाखाना बंद केला तरी रोग्यांना बसवायची खुर्ची तिने काढली नव्हती. त्या खुर्चीत पाय वर करून ती सकाळचा पेपर वाचायची आणि उरलेल्या वेळात शेजारपाजारची कोडी सोडवायची. "रोज दोनदा घासतो" असं शपथेवर सांगणाऱ्यांच्या हिरड्या पाहण्यात तिचा जन्म गेला होता, त्यामुळे माणूस काय बोलतो याकडे ती फारसं लक्ष देत नसे.

भाची आली तेव्हा मावशी हत्यारांच्या जुन्या ट्रेमध्ये आपला चष्मा शोधत होती. ट्रेमध्ये एक रबर लावलेली कागदाची पुडीही पडली होती. काल संध्याकाळी ताई, म्हणजे भाचीची आई, ती ठेवून गेली होती. "यांच्या कवळीचा तुकडा निघालाय बहुतेक. यांना काही विचारू नकोस, हल्ली लगेच खेकसतात. सवडीने बघ." कवळ्यांना मावशी इतकी विटली होती की सवड काही निघाली नव्हती.

"मावशी, माझी गिटार कुणीतरी बदललीय," भाची म्हणाली.

मावशीने पुडी बाजूला सारली, तिच्याखाली सापडलेला चष्मा लावला आणि तोंडात घालायचा छोटा आरसा उचलला. तो तिने गिटारच्या पोटावरच्या गोल भोकातून आत घातला, बॅटरी धरली आणि सवयीने "आ करा" असंही म्हणाली.

"वरची फळी अख्ख्या लाकडाची आहे," ती आरशात बघत म्हणाली. "हे बघ, लाकडाच्या रेघा वरून येतात आणि भोकाच्या काठावरून सरळ खाली उतरतात. चिकटवलेल्या पातळ थरांची असती तर काठावर थर दिसले असते. आतल्या पट्ट्या जागच्या जागी. कुठे भेग नाही, फुगवटा नाही. पडद्यांवर तुझ्या बाबांच्या बोटांनी पाडलेले खड्डेही तेच."

"मग?"

मावशीने बोट खाली नेलं. तारा जिथे पोटावर येऊन अडकतात, त्या लाकडी घोडीवर.

"गिटार तीच आहे, पोरी. दात तेवढा खोटा बसवलाय."

२

घोडीच्या खाचेत एक बारीक पांढरी पट्टी बसते. तारा तिच्यावर टेकतात आणि त्यांची थरथर तिच्यातून लाकडात उतरते. या गिटारची पट्टी बाबांनी स्वतः हाडातून घासून काढली होती आणि मुद्दाम उंच ठेवली होती. उंच तारा दाबायला बोटं दुखतात, पण आवाज पल्ला गाठतो. पट्टी चिकटवलेली नसते. तारा सैल केल्या की नुसती उचलून निघते.

मावशीने तारा सैल करून ती काढली, नखाने ओरखडली आणि पुढच्या दातावर टक् टक् वाजवून पाहिली. भाचीला शिसारी आली.

"हे हाड नाही. प्लॅस्टिक आहे. चांगल्यापैकी, पण प्लॅस्टिकच. आणि चांगलीच बुटकी आहे. म्हणून तारा पडद्यांवर आपटतात. काम मात्र सफाईदार केलंय. खालची कड आरशासारखी सपाट आहे, कोपरे मऊ. ज्याने कुणी केलंय त्याचा हात घासकामात बसलेला आहे."

"मला माहितीये कुणी केलंय," भाची दातओठ खात म्हणाली. "दाढीवाल्याने."

दाढीवाला तिच्याच वाद्यवृंदातला गिटारवादक. रविवारी तो सरावाला घरी आला होता. 'तारा फार उंच आहेत, खाली घे,' असं तो कधीपासून तिच्या मागे लागला होता. आणि शनिवारी एकटीने वाजवायची संधी तिला मिळाली होती, त्याला नाही.

"मी आत्ता त्याला फोन करून सांगते, यापुढे माझ्या घराची पायरी चढू नकोस म्हणून."

"उद्यापर्यंत थांब. बोललेलं परत तोंडात घालता येत नाही, आणि असलं काम करायचं मी केव्हाच सोडलंय." मावशीने पांढऱ्या फडक्याचा तुकडा घेतला. "तारा पुसतेस?"

"प्रत्येक वेळी वाजवून झाल्यावर. बाबांचा दंडक आहे. घामाने तारा काळ्या पडतात म्हणून."

"वरून पुसतेस. सगळे वरूनच पुसतात. दातही सगळे समोरूनच घासतात." मावशीने फडकं तारांच्या खालून सरकवलं आणि ओढलं. फडक्यावर काळ्या रेघा उठल्या. गंमत म्हणजे त्या फक्त मानेच्या टोकाशी, पहिल्या तीन पडद्यांपाशीच होत्या.

"तुझी चाल कुठे वाजते?"

"वरती. पाचव्या पडद्याच्या पुढे सगळी."

"मग इथे खाली कोण चरतंय? इथे तर नवशिके बोटं ठेवतात." मावशीने चष्मा कपाळावर चढवला. "अजून काही विचित्र?"

भाचीने आठवून पाहिलं. "गेले काही आठवडे रोज संध्याकाळी उघडली की बेसूर असते. आदल्या रात्री नीट लावून ठेवलेली असूनसुद्धा. मला वाटलं खुंट्या ढिल्या झाल्या. काल तर उघडलीच नाही, शिकवण्या लांबल्या."

मावशीने खुंट्या फिरवून पाहिल्या. त्या घट्ट होत्या. म्हणजे कुणीतरी रोज, न चुकता, तिच्या तारा सैल करत होतं.

३

दाढीवाला एका शाळेत संगीत शिकवायचा. मावशी मधल्या सुट्टीत तिथे पोचली आणि सरळ प्रश्नाला हात घातला.

"मी?" तो उखडला. "अहो, तारा खाली घे म्हणालो ते तिच्या बोटांची दया येऊन! त्या गिटारचा सगळा दम त्या उंचीत आहे, हे काय मला कळत नाही?"

"तिच्याऐवजी तुम्हाला वाजवायला मिळालं असतं."

"कशावर? तिच्या गिटारवर?" त्याने कोपऱ्यातली स्वतःची गिटार उचलून मावशीच्या पुढ्यात धरली. जाड तारा खाली, बारीक वर, सगळं उलटं. "मी डावखुरा आहे, मावशी. तिची गिटार माझ्या हातात म्हणजे उजव्या पायात डावा बूट. चार सूर धड निघायचे नाहीत."

म्हणजे रोज ती वाजवणारा हा नव्हता. मावशीने खिशातून पट्टी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने ती उजेडात धरली, उलटीपालटी केली आणि नाक मुरडलं.

"घासलीय मस्त. पण गिटारवाला असलं प्लॅस्टिक नाही वापरणार. बाजारात हाडाचे तयार तुकडे मिळतात. हे ज्याने केलं त्याने हाताशी होतं ते घेतलंय." मग पट्टी परत देत तो म्हणाला, "शनिवारचं काय होणार? तिने वाजवायलाच हवं. त्या चालीला दुसरं कुणी नाही हो."

हे बोलताना त्याचा चेहरा इतका काळजीचा होता की मावशीने त्याचं नाव मनातल्या मनात खोडलं.

परतताना जावयाचं, म्हणजे भाचीच्या नवऱ्याचं, चष्म्याचं दुकान वाटेतच लागत होतं. मावशी काचेपाशी थांबली, आत जाण्याआधी आपलं ध्यान कसं दिसतंय ते पाहायला. आणि तिची नजर काचेतल्या फ्रेमच्या रांगेवर खिळली. मधोमध एक जाडसर पांढरी फ्रेम मांडली होती.

तिला एकच दांडी होती.

४

"जावईबापू," मावशी गोड आवाजात म्हणाली, "त्या पांढऱ्या फ्रेमचा एक कान कुठे गेला?"

जावई काच घासत होता. समोर बारीक कानशी, पॉलिशची डबी, सगळं ओळीने लावलेलं. त्याचा हात जागच्या जागी थांबला.

"तुटला असेल, मावशी."

"तुटला की कापलात?"

एरवी हा माणूस गिऱ्हाइकाला बोलबोलून बेजार करणारा, पण आता त्याची दातखीळ बसली होती. "मी काही सांगू शकत नाही," तो शेवटी म्हणाला. "वाईट काही केलं नाहीये, एवढं सांगतो. बाकी बाबांना विचारा. म्हणजे, नका विचारू! बाबांना तर मुळीच नका विचारू."

मावशी चक्रावली. एकाच घरात राहूनही जावई आणि सासरे यांचा तर छत्तीसचा आकडा. पोरीने चष्मेवाल्याशी लग्न केलं तेव्हापासून दोघांत 'जेवलात का' यापलीकडे संभाषण गेलं नव्हतं. मग बाबांचा यात संबंध कुठून आला?

ती तशीच ताईच्या घरी गेली. ताई आज वाचनालयात न जाता घरीच होती आणि दारातच कावलेली होती.

"कालपासून यांनी घर डोक्यावर घेतलंय. कपाटं उपसली, ड्रॉवर उलटे केले. काय शोधताय विचारलं तर म्हणे काही नाही. एका हाताने शोधतात आणि दोन्ही हातांचा पसारा करतात!"

"दुपारी घरात कोण असतं गं?"

"मी वाचनालयात, पोरगी शिकवण्यांना. हे एकटेच. जावई जेवायला येतात तेवढे. एक जेवतो, एक झोपतो, मध्ये भिंत. काल मात्र माझं डोकं चढलं होतं म्हणून मी लवकर आले, तर दोघंही दचकले माझ्याकडे बघून. मी आपली मुकाट भांडी घासत बसले. यांचा कवळीचा डबाही घासून टाकला."

भाऊजी, म्हणजे भाचीचे बाबा, आतल्या खोलीत खिडकीपाशी बसले होते. डावा हात शालीखाली. झटका आल्यापासून त्यांनी गिटारचा विषय घरात काढू दिला नव्हता. मुलगी सरावाला बसली की ते आपल्या खोलीचं दार लावून घ्यायचे, आणि ते दार लागल्याचा आवाज तिला कसा लागतो हे तिने एकदा मावशीला रडत सांगितलं होतं.

"या, डॉक्टरीणबाई," ते म्हणाले. "ऐकलं मी. गिटारचं काहीतरी बिनसलंय म्हणे. मला काय त्याचं आता!" मग लगेच, "पेटीतला स्पंज ओला आहे ना? हवा कोरडी झालीय. लाकूड सुकलं की चिरतं. पोरीला सांगा, पिळून ठेव म्हणावं, ठिबकता नको."

काही घेणंदेणं नसलेल्या माणसाला स्पंजची बरीच चिंता होती. मावशीच्या मनात पाल चुकचुकली.

"भाऊजी, आ करा."

"काय?"

"कवळी बघायचीय. कुठे बोचते का?"

त्यांनी कुरकुरत कवळी काढून दिली. मावशीने ती खिडकीपाशी नेली, सगळीकडून फिरवली, कडेने बोट फिरवलं. कुठे चीर नाही, टवका नाही. कवळी अगदी अख्खी होती.

मग ताईने आणून दिलेला तुकडा कशाचा?

मावशी त्या वयातही जिना धावत उतरली.

५

संध्याकाळी सगळे ताईच्या बैठकीत जमले. भाची, जावई, ताई आणि नाइलाजाने भाऊजी. मधल्या मेजावर गिटार होती आणि तिच्या शेजारी रबर लावलेली पुडी.

"दोन प्रश्न होते," मावशी म्हणाली. "ही बुटकी पट्टी केली कुणी, आणि केली कुणासाठी? पहिला सोपा आहे. चष्म्याची दांडी, चष्म्याची कानस, चष्म्याचं पॉलिश."

भाचीने नवऱ्याकडे असं पाहिलं की तो खुर्चीत दोन बोटं खचला. "तू?"

"थांब. त्याला गिटारचा ग सुद्धा कळत नाही, त्याला काय करायची बुटकी पट्टी? तारा खाली आणल्या की काय होतं?"

"आवाज मरतो," भाची म्हणाली.

"तू वाजवणारी, म्हणून तुला आवाज आठवला. मी बोटांचा विचार केला. तारा दाबायला सोप्या होतात. म्हणजे ज्याची बोटं उंच तारा दाबू शकत नाहीत, असं कुणीतरी रोज दुपारी इथे बसून पहिल्या तीन पडद्यांवर साधे कॉर्ड धरत होतं. आपण नवशिक्याला शोधत होतो. पण एकदा सगळं येऊन गेलेलं पुन्हा पहिल्यापासून शिकणारा माणूसही तिथेच बोटं ठेवतो."

शालीखाली काहीतरी चुळबुळलं.

"रोज दुपारी जावई यायचे, तारा सैल करायचे, हाडाची पट्टी काढून बुटकी घालायचे. एका हाताचं काम नाही ते. जाण्याआधी पुन्हा अदलाबदल करायचे. पण तारा सुरात लावणार कोण? यांना सुरांचा कान नाही."

"जरा वर, जरा खाली, असं बाबा सांगायचे," जावई पुटपुटला. "मी प्रयत्न करायचो."

"ती बेसूर सापडायची ती त्यामुळे. मधल्या वेळात हाडाची पट्टी लपवायची कुठे? जिथे कुणी आनंदाने हात घालत नाही अशा जागी. कवळीच्या डब्यात. सोमवारी ताई लवकर घरी आली, तिने डबा घासायला घेतला आणि आत हाडाचा तुकडा सापडला." मावशीने रबर काढलं. "दुसऱ्या एखाद्या बाईने विचारलं असतं, 'अहो, हे काय?' माझ्या बहिणीच्या डोक्यात लहानपणापासून एकच गोष्ट बसलीय. पांढरं, कडक काही दिसलं की माझ्याकडे आणायचं."

कागद उलगडला. आत पिवळसर पांढरी, उंच, बाबांनी घासलेली पट्टी होती.

ताईने कपाळावर हात मारला. "अगं बाई! मी आणि कवळी समजून..."

"बाबा," भाची म्हणाली.

भाऊजींनी हळूच शाल बाजूला केली. डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांवर तारांचे ताजे वळ होते.

"यांनी मला एका दुपारी पकडलं," ते जावयाकडे मान झुकवून म्हणाले. "गिटार घेऊन बसलो होतो. एक तार दाबली जात नव्हती. मला वाटलं हा माणूस आता गावभर सांगणार. हा काही बोललाच नाही. दुसऱ्या दिवशी खिशातून ही पट्टी काढली आणि म्हणाला, बघा बसते का." ते मुलीकडे वळले. "पोरी, मी तुला वाईट वाजवताना ऐकू शकलो, तू चार वर्षांची होतीस. मला वाईट वाजवताना तू ऐकावंस, हे मला सोसत नव्हतं. जमलं की सांगणार होतो."

"आणि दार का लावून घ्यायचात?"

"आत खुर्चीच्या हातावर बोटं ठेवून तुझ्याबरोबर कॉर्ड बदलायचो. तू बघशील म्हणून लाज वाटायची."

भाचीने डोळे पुसले. खोटी पट्टी पुन्हा घोडीत बसवली, तारा ताणल्या, सुरात लावल्या आणि गिटार बाबांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी नको नको म्हटलं. मग बोटं ठेवली. पहिला कॉर्ड कर्रकन फुटला. दुसरा अर्धा आला. तिसरा मात्र स्वच्छ वाजला आणि सगळी खोली ऐकत राहिली.

"तीन येतात," ते म्हणाले. "बदलायला वेळ लागतो."

"ती उंच पट्टी बसव आता," थोड्या वेळाने तेच म्हणाले. "शनिवार आलाय."

भाचीने मान हलवली. "नाही. ती बसवली तर तुमचा सराव थांबतो, आणि रोज अदलाबदल करत कुठवर बसायचं? मला दुसरी गिटार घ्यायचीय. आणि ती निवडायला तुम्ही यायचंय."

६

दुकानात भिंतभर गिटारी टांगल्या होत्या. भाचीचा हात चकचकीत नक्षीवाल्या गिटारकडे गेला तशी भाऊजींनी काठी आपटली. झटक्यानंतर पहिल्यांदाच ते घराबाहेर कुणावर तरी ओरडत होते.

"नक्षी वाजवणार आहेस का? भोकाचा काठ बघ आधी. रेघा खाली उतरतात की थर दिसतात? थर. ठेव खाली. ही घे. मानेवरून एक डोळा मिटून बघ, बंदुकीचा नेम धरतात तसं. किंचित खोलगट हवी. पडद्यांच्या कडेने बोट फिरव. बोचतात? म्हणजे हिचं लाकूड सुकलंय. कोरड्या हवेत टांगून ठेवलीय यांनी. ठेव. एकेक सूर वाजव आणि थांब. घाई नको. किती वेळ टिकतो ते ऐक."

दुकानदार पहिल्यांदा कंटाळला आणि मग खुर्ची ओढून ऐकायला बसला. जावई काठी धरून उभा होता. शेवटी कोपऱ्यातली एक साधी, तपकिरी, कुणी न विचारलेली गिटार निघाली. भाचीने तिच्यावर बाबांच्या चालीची पहिली ओळ वाजवली आणि भाऊजींनी डोळे मिटले.

"हीच," ते म्हणाले. "अजून नवी आहे. वाजवून वाजवून आवाज उघडेल."

घरी आल्यावर भाचीने हाडाची पट्टी मऊ कापडात गुंडाळून मावशीच्या हातात दिली. "तुझ्याकडेच असू दे. बाबांना लागेल तेव्हा मागून घेईन."

मावशीने ती दवाखान्याच्या कपाटात ठेवली. पोरांनी विसरून गेलेले दुधाचे दात ज्या डबीत होते, त्या डबीच्या शेजारी.

शनिवारी सभागृह भरलं होतं. भाची एकटी मंचावर बसली. दाढीवाल्याने तिची खुर्ची पुढे सरकवून दिली आणि तो पडद्याआड गेला. चाल सुरू झाली. नवीन गिटार जरा बुजऱ्या आवाजात बोलली, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचली. मावशीने शेजारी पाहिलं. भाऊजींचा डावा हात खुर्चीच्या हातावर उघडा होता, शालीबाहेर, सगळ्यांना दिसेल असा. चाल जिथे जिथे वळत होती, तिथे तिथे त्यांची बोटं उचलली जात होती आणि नव्या जागी दाबली जात होती. एखादं बोट मागे पडायचं, पण पोचायचं. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा त्यांना हात मोकळा करायला थोडा वेळ लागला.

बाहेर पडताना गर्दीत ते मावशीपाशी आले. जावयाचा हात त्यांच्या खांद्याखाली होता.

"डॉक्टरीणबाई, ती पट्टी नीट ठेवलीय ना?"

"ठेवलीय, भाऊजी."

"तुम्हाला घासायची सवय आहे, म्हणून सांगून ठेवतो. तिला कानस लावू नका हं. मला ती आहे तेवढीच उंच लागणार आहे."